आक्का, रेवा आणि लाल दगडातली माणसं

आम्ही चौघंही सुखरूप घरी परतलो, हे आधीच सांगून टाकते. टेक्सासमध्ये आम्ही राहतो त्या अर्विंगमधल्या मैत्रिणींना फोनवर ही हकीकत सांगायला लागले, की त्या मध्येच "पण आता सगळे ठीक आहेत ना?" असं विचारतात आणि माझं सांगणं विस्कटतं. सगळे ठीक आहेत. आक्कांचा गुडघा थोडा सुजला होता, तोही उतरला. तेव्हा निवांत वाचा.

आक्का म्हणजे माझी मोठी नणंद. मिलिंदला, माझ्या नवऱ्याला, बहिणीपेक्षा आईच जास्त. राजापूरच्या बाजूला, सड्याला लागून त्यांचं गाव. गेल्या हिवाळ्यात त्यांचे यजमान गेले आणि मिलिंद त्यांना सहा महिन्यांसाठी इकडे घेऊन आला. बदल होईल, बरं वाटेल, असं आम्हाला वाटत होतं. पण टेक्सासचा उन्हाळा म्हणजे दारं-खिडक्या बंद, एसी चालू आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. आक्का सकाळी आंघोळ करून सोफ्यावर बसायच्या, त्या संध्याकाळपर्यंत तिथेच. अर्धी पोळी खायच्या. "बरं वाटतंय ना?" विचारलं तर "बरंच आहे की" म्हणायच्या. पुढे काही नाही.

आमची रेवा सोळा वर्षांची. मराठी तिला समजतं, पण आपण मराठीत विचारावं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यावं अशी आमच्या घरातली पद्धत. त्यात आक्का बोलणार गावाकडच्या वेगाने. त्यामुळे दोघींचं संभाषण "जेवलीस गो?" आणि "येस, आत्या" यापुढे कधी गेलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये एका रविवारी मिलिंद लॅपटॉपवर काहीतरी बघत बसला होता. दगडावर कोरलेल्या एका माणसाचा फोटो होता, रुंद खांदे, बारीक पाय. आक्का पाणी प्यायला उठल्या होत्या. त्या मागे थांबल्या, चष्मा नीट केला आणि म्हणाल्या, "हा आपल्या सड्यावर कधी सापडला रे?"

"आपल्या नाही आक्का, हा इथला. अमेरिकेतला."

"इथे सडा आहे?"

"जेवलीस गो?" सोडलं, तर महिनाभरात त्यांनी आपण होऊन विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मिलिंदने त्याच संध्याकाळी सप्टेंबरातल्या लेबर डेच्या सुट्टीची, अल्बुकर्कीची विमानाची तिकिटं काढली. रेवाला शाळा एक दिवस बुडवायला मिळणार होती, म्हणून तिनेही कुरकुर केली नाही.

अल्बुकर्की

ज्यांनी कोकणातली कातळशिल्पं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. रत्नागिरी-राजापूरकडे डोंगर चढून गेलं की वर सपाट जांभ्याचं पठार लागतं, तो सडा. त्या कातळावर कुणीतरी फार जुन्या काळी हत्ती, मासे, माणसं, नक्षीचे चौकोन कोरून ठेवलेत. मासा कधीकधी खोलीएवढा मोठा असतो. आक्कांच्या घराच्या वरच्या अंगाला असाच एक मासा आहे आणि त्याच्या शेजारी माणसाचे नुसते दोन पाय. लहानपणी आक्का त्या माशावर आमसुलं वाळत घालायच्या, असं मिलिंद सांगतो. कोणी कोरलं, कुणालाच माहीत नाही. गावात विचारलं तर पांडवांनी, एका रात्रीत.

अल्बुकर्कीला, टेक्सासच्या पश्चिमेच्या राज्यात, शहराच्या कडेलाच ज्वालामुखीच्या काळ्या दगडांचा एक लांबलचक उतार आहे. एका बाजूला नवीकोरी घरं, त्यांच्या अंगणात मुलांच्या सायकली, आणि रस्ता ओलांडला की दगडच दगड. आपल्या सह्याद्रीतलाच वाटावा असा काळा पाषाण, फक्त हिरवळीचं नाव नाही. त्यातल्या कितीतरी दगडांवर आकृत्या. वरचा काळा थर दगडाने ठोकून काढला की आतला फिकट रंग दिसतो, त्या फिकट टिंबांची चित्रं. पक्षी, हात, गोल डोळ्यांचे मुखवटे, गोगलगायीसारखी वेटोळी.

आमच्याबरोबर वाट दाखवायला लॉरेन नावाच्या बाई होत्या. साठीच्या, केसांची जाड वेणी, अंगात फुलाफुलांचा शर्ट. त्या तिथल्याच प्वेब्लो लोकांपैकी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी. पायवाट सुरू होते तिथे त्या थांबल्या, हलक्या आवाजात त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या आणि मग आम्हाला म्हणाल्या, "मी आपण आल्याचं सांगितलं. न सांगता कुणाच्या घरात शिरू नये."

मिलिंदने हे आक्कांना मराठीत सांगितलं. आक्कांनी मान हलवली आणि खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागल्या. आम्ही "अहो, अहो" म्हणेपर्यंत त्यांनी बूट काढून पाय खाली ठेवलासुद्धा. सकाळचे दहा वाजून गेले होते आणि तिथली वाळू तव्यासारखी तापलेली. आक्का एका पायावर, मग दुसऱ्या पायावर अशा नाचल्या आणि मिलिंदच्या खांद्याला लटकल्या. रेवा हसू दाबायला तोंड फिरवून उभी राहिली. लॉरेनबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी आपली पाण्याची बाटली आक्कांच्या पायांवर ओतली आणि म्हणाल्या, "त्यांना समजलंय आपण कुठे आलोय ते. पण बूट घाला म्हणावं. इथले लोक रागावणार नाहीत."

पुढे एका मोठ्या दगडापाशी आक्कांनी विचारलं, "हे कोणी काढलं, विचार की त्यांना."

मिलिंदने विचारलं. लॉरेनबाई म्हणाल्या, "आमच्या आजोबा-पणजोबांनी. त्यांच्याही आधीच्यांनी. आम्ही कुठे गेलो नाही, इथेच आहोत."

एका मुखवट्याचा अर्थ रेवाने विचारला, तेव्हा त्या सरळ म्हणाल्या, "तो मला माहीत आहे, पण सांगण्यासारखा नाही." रेवाला ते जरा लागलं. मला आवडलं. आपल्याकडेही घरातल्या देवाच्या काही गोष्टी आपण पाहुण्यांना सांगत नाहीच.

गाडीपाशी आल्यावर आक्का म्हणाल्या, "यांच्या चित्रांना वारस आहेत. आमच्या माशाला कोण आहे? गुरं चरतात त्याच्यावर." मग मागच्या सीटवर बसून लगेच दार लावून घेतलं. पण दुपारी त्या जेवल्या. तिथल्या हॉटेलात प्रत्येक पदार्थाबरोबर "लाल की हिरवी?" असं विचारतात, म्हणजे मिरचीचा रस्सा कोणता वाढू. आक्कांनी दोन्ही मागवले. निळ्या मक्याची पोळी आली, ती नाचणीच्या भाकरीच्या रंगाची. तिचा तुकडा मोडून रश्श्यात बुडवून त्या म्हणाल्या, "यांना जेवणातलं कळतं." मिलिंदने माझ्याकडे बघितलं आणि टेबलाखाली माझा हात दाबला. पूर्ण पोळी खाल्ली होती त्यांनी.

युटाच्या कोपऱ्यात

दुसऱ्या दिवशी आम्ही वायव्येला निघालो. काळा दगड संपला आणि लाल सुरू झाला. इतका लाल, की आक्का दोनदा म्हणाल्या, "जांभाच हा." जांभा नव्हे, वाळूचा दगड. पण रंगापुरतं त्यांचं खरं होतं. मैलोन्‌मैल घर नाही, झाड म्हणजे कमरेएवढी झुडपं, आणि मध्येच आकाशात घुसलेले सुळके. संध्याकाळी युटा राज्यातल्या एका लहानशा गावात पोचलो. मोटेल एका गुजराती जोडप्याचं होतं. अमेरिकेत कुठल्याही आडगावी मोटेलच्या काउंटरमागे गुजराती माणूस भेटतो, तसे हे काका. आक्कांना साडीत बघून काकूच बाहेर आल्या आणि दोघी हिंदीत बोलत उभ्या राहिल्या. आक्कांचं हिंदी मी पहिल्यांदाच ऐकत होते.

काकांनी आम्हाला सांगितलं, "जहाँ जाना है सुबह जाओ. ये मॉन्सून का टाइम है. दोपहर के बाद नाले में मत रुकना." तिकडच्या वाळवंटातही पावसाळ्याला मॉन्सूनच म्हणतात याची आम्हाला गंमत वाटली. आकाशात ढगाचा ठिपकाही नव्हता.

सकाळी निघायला उशीर झाला. आक्कांच्या गुडघ्याला पट्टा बांधायचा होता, रेवाचा चार्जर सापडत नव्हता, नेहमीचंच. कच्च्या रस्त्याने गाडी हळू चालवत आम्ही कॅन्यनच्या, म्हणजे खोल दरीच्या, तोंडाशी पोचलो. तिथे एक लाकडी संडास, एक पाटी, आणि दुसरी एकही गाडी नाही. पुढे पायवाट उतरून एका कोरड्या नाल्यात जाते. नाला म्हणजे आपल्याकडचा रुंद ओढा, पण पाण्याचा थेंब नाही, मऊ लाल वाळू नुसती. तो ओलांडून पलीकडे थोडं चढलं, की उंच कड्याखाली ती भिंत.

तशी भिंत मी कधी पाहिली नव्हती. उन्हा-पावसाने काळसर, गुळगुळीत झालेला तो कडा आणि त्याच्यावर माणसापेक्षा मोठी माणसं, ओळीने उभी. रुंद खांदे, गळ्यात माळा, डोक्यावर शिंगांसारखं काहीतरी. त्यांच्या पायाशी वळलेल्या शिंगांची रानमेंढरं, एकामागे एक. एका बाजूला नुसतीच पावलं, चढत गेलेली. कोकणातली शिल्पं पायाखाली असतात, आपण त्यांच्याभोवती फिरतो. इथे ती आपल्याकडे बघत असतात. आक्का त्या पावलांसमोर एका दगडावर टेकल्या आणि उठेचनात.

"आमच्याकडे याचेच पाय आहेत," ओळीतल्या एका माणसाकडे बोट करून त्या म्हणाल्या. "कमरेवरचा माणूस इथे आलाय."

दुपार होत आली. जेवणाचा डबा आणि पाण्याचा मोठा कॅन गाडीतच होता. मिलिंद तो आणायला निघाला. मला त्या लाकडी संडासाची गरज होती, म्हणून मीही निघाले. रेवा म्हणाली, "आय विल स्टे विथ आत्या." आम्ही नाला ओलांडून वर गाडीपाशी गेलो. ईशान्येला, फार दूर, एका पठारावर काळा ढग दिसत होता. आमच्या डोक्यावर स्वच्छ ऊन होतं.

डबा घेऊन परत उतरायला लागलो आणि आवाज आला. मला वाटलं, कच्च्या रस्त्याने मोठा ट्रक येतोय. मिलिंद थांबला. नाल्याच्या वळणावरून काटक्या, पानं आणि फेस यांची एक जीभ पुढे आली. ती चालत येणाऱ्या माणसाएवढ्या वेगानेच येत होती, त्यामुळे पहिल्या क्षणी भीतीही वाटली नाही. तिच्या मागून पाणी आलं. चहाच्या रंगाचं, दाट, ओंडके घेऊन. बघता बघता वाळू दिसेनाशी झाली आणि नाल्याची नदी झाली.

पलीकडे रेवा उभी राहिलेली दिसली. मी ओरडले. तिने हात हलवला, तोंड उघडलेलं दिसलं, पण शब्द आला नाही. पाण्याचा आवाजच तेवढा होता.

मिलिंदने डबा खाली टाकला आणि पाण्यात शिरला. गुडघ्यापर्यंत गेला असेल. मी त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"सोड, नीलिमा. ती एकटी आहे."

"एकटी नाही. आक्का आहेत."

"आक्कांना धड चालता येत नाही!"

तेवढ्यात त्याच्या समोरून, हाताच्या अंतरावरून, एक अख्खं झाड मुळांसकट गेलं. तो ते बघत राहिला. मी ओढलं तसा मागे आला आणि काठावर मटकन बसला.

पाणी चढत होतं. पलीकडे रेवाने आक्कांच्या काखेत हात घातला आणि त्यांना उठवलं. भिंतीच्या डाव्या अंगाला कड्यात एक रुंद कपार होती, दोन माणूस उंचीवर. त्या दिशेने दोघी निघाल्या. आक्का दोन पावलं चालायच्या आणि थांबायच्या. एका ठिकाणी आक्का बसल्या आणि बसल्या बसल्याच, हात मागे टेकवत, पायरी पायरी वर सरकल्या. रेवा खालून त्यांचे पाय धरून ठेवत होती. दोघी कपारीत पोचल्या तेव्हा मी खाली वाळूत बसले आणि मोठ्याने रडले.

मग मिलिंद गाडी घेऊन वर डांबरी रस्त्याला गेला, कारण खाली फोनला रेंज नव्हती. मी तिथेच राहिले. मला त्या दोघींवरची नजर काढायची नव्हती. आक्कांची जांभळी साडी आणि रेवाची पिवळी टोपी, एवढंच स्पष्ट दिसत होतं. थोड्या वेळाने आक्कांनी हात जोडून वर केले. बराच वेळ त्या काहीतरी म्हणत होत्या, डोकं हलत होतं. रेवानेही हात जोडले. मध्ये मध्ये ती मान खाली घाले. आक्का थांबल्या की रेवाची मान खाली. मला वाटलं आक्का घाबरून रडताहेत आणि पोर त्यांची समजूत घालते आहे. म्हणजे तिची समजूत घालायला कुणीच नाही.

मिलिंद परत आला तो शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाच्या, ऑफिसमधल्या एका माणसाला घेऊन. चांगला आडव्या अंगाचा, पांढऱ्या मिशांचा गृहस्थ. त्याने दुर्बिणीतून पलीकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं आणि सांगितलं, "त्या उंचावर आहेत, सावलीत आहेत, कुणाला लागलेलं दिसत नाही. मग आपण थांबायचं. अजून दोनेक तासांत हे उतरेल." मिलिंद म्हणाला, "आणि नाही उतरलं तर?" तो म्हणाला, "उतरतं." आणि आपल्या ट्रकच्या मागच्या फळीवर बसून त्याने आम्हाला पाणी प्यायला दिलं. त्याच्या त्या बसण्यानेच मला धीर आला.

आणि उतरलंच. जसं आलं तसंच, आपल्या डोळ्यांसमोर. आधी ओंडके काठाला अडकले, मग मध्ये वाळूची बेटं दिसायला लागली. ऊन कलायच्या आत पाणी घोट्याएवढं राहिलं होतं. तो माणूस काठीने तळ चाचपत पुढे आणि आम्ही त्याच्या पावलावर पाऊल टाकत मागे. रेवा कपारीतून उतरून धावत आली आणि मला इतक्या जोरात बिलगली, की दोघी चिखलात बसलो. "आय एम ओके, आई. आय एम ओके. आत्या इज ओके," ती म्हणत होती, आणि मी तिचे हात, पाय, कपाळ सगळं चाचपत होते.

त्या गृहस्थाने आक्कांना आधार देऊन कपारीतून उतरवलं आणि उचलून न्यायची तयारी केली. आक्का मिलिंदला म्हणाल्या, "त्याला सांग, एवढ्याशा पाण्याला मला उचलायची काही गरज नाही. हात दे म्हणावं नुसता." साडीचा ओचा वर खोचून, त्याचा हात धरून, त्या ओढा ओलांडून आल्या. अलीकडे आल्यावर वळून त्यांनी त्या भिंतीला नमस्कार केला.

मोटेलवर पोचलो तर गुजराती काकूंना सगळं आधीच कळलेलं. लहान गाव. त्यांनी आम्हाला काउंटरमागच्या आपल्या घरात नेलं आणि समोर गरम खिचडी, कढी आणि लोणचं ठेवलं. आक्कांनी दुसऱ्यांदा खिचडी वाढून घेतली. रेवा त्यांच्या शेजारी, खुर्ची ओढून अगदी चिकटून बसली होती.

"तुम्ही दोघी वर हात जोडून काय करत होता?" मी विचारलं.

रेवा म्हणाली, "आत्या लाँग लाँग काहीतरी म्हणायची, अँड देन शी वुड स्टॉप अँड लुक ॲट मी. मग मी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. तिने मला शिकवलं. आय हॅड नो आयडिया व्हॉट आय वॉज सेइंग येस टू."

मिलिंद हातातला चमचा ठेवून आक्कांकडे बघायला लागला. कोकणात कुठलंही काम काढलं किंवा संकट आलं, की वडीलधारं माणूस देवापुढे गाऱ्हाणं घालतं. एकेक मागणं मोठ्याने मागायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणून रुकार द्यायचा.

"गाऱ्हाणं घातलंस तू तिथे?" मिलिंदने विचारलं. "कुठल्या देवाला?"

"तिथे जे कोण उभे होते त्यांना. त्यांच्याच दारात होतो ना आम्ही."

"काय मागितलंस? पाणी ओसरू दे?"

"पाणी त्याच्या वेळेला ओसरणारच," आक्का म्हणाल्या. "आणि आमचं काय अडलं होतं? पोरीने मला वर नेऊन बसवलं होतं. सावली होती. तिच्या खिशात गोळ्या होत्या, त्या खाल्ल्या." त्यांनी कढीचा घोट घेतला. "मी म्हटलं, बा देवा म्हाराजा, मघाशी माझा भाऊ पाण्यात पाय घालत होता, परत आला की पुन्हा घालेल. त्याला लहानपणापासून दम म्हणून नाही. त्याला थोडी अक्कल दे. आणि त्याच्या बायकोने मनगट धरलं होतं, तिच्या हाताला बळ दे. ही दोघं कोरडी राहिली, तर बाकी सगळं होईल."

मिलिंद मान खाली घालून बसला होता. त्याच्या मनगटावर माझ्या बोटांचे लाल वळ अजून दिसत होते.

रेवाने तोंडातला घास गिळला, हात जोडले आणि म्हणाली, "व्हय म्हाराजा."